१४८ नंबर कुणाचा?

गेल्या वर्षी आमच्या फेस्टमधल्या वक्तृत्व स्पर्धेत माइकवरून पुकारा झाला, 'स्पर्धक क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस!' आणि हॉलच्या दोन टोकांना दोघं जण उभे राहिले. एक शहरातल्याच कॉलेजचा मुलगा. दुसरी, पहाटेची एसटी पकडून तालुक्याच्या गावाहून आलेली मुलगी. दोघांच्या मोबाइलवर रजिस्ट्रेशनचा मेसेज होता आणि दोन्ही मेसेजमध्ये १४८ हाच नंबर होता. हॉलमध्ये हशा पिकला. मी मात्र स्टेजच्या मागे घाम पुसत होतो, कारण नंबर वाटणारा कोड माझा होता.

'आधी हा बोलेल, मग ती,' असं ठरलं आणि स्पर्धा पुढे सरकली. खरा घोळ निकालाच्या वेळी झाला. परीक्षकांना नाव-कॉलेज कळू नये म्हणून गुणांच्या तक्त्यावर फक्त नंबर छापले होते. त्यात १४८ च्या दोन ओळी, एकाखाली एक. तीन परीक्षकांपैकी कुणी कुणाचे गुण कुठल्या ओळीत लिहिले, हे नंतर त्यांनाही ठामपणे सांगता येईना. एका पद्धतीने बेरीज केली तर मुलगा तिसरा येत होता, दुसऱ्या पद्धतीने केली तर मुलगी. शेवटी असा पेच पडल्यावर आपल्याकडे जे करतात तेच केलं. 'तृतीय क्रमांक विभागून.'

ती सर्टिफिकेट घ्यायला आली तेव्हा टेबलावर मीच होतो. तिने विचारलं, "दादा, खरंच माझा नंबर आलाय का? नसेल तर विभागून नको." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

टेबलमध्ये नवी ओळ भरताना तिला क्रमाने येणारा, दुसऱ्या कुणाचा नसलेला नंबर कसा द्यायचा, हा डीबीएमएसच्या पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेला विषय. त्या संध्याकाळनंतर मी तो नीट वाचला.

बघितलं आणि एक मिळवला

खरं तर सुरुवातीला आम्ही डेटाबेसचाच ऑटो इन्क्रिमेंट वापरला होता. पण टेस्टिंग करताना काही एंट्र्या फसल्या, काही आम्ही डिलीट केल्या आणि नंबर १०१, १०२, १०५, १०९ असे उड्या मारत यायला लागले. कमिटीचं म्हणणं पडलं, 'मधले नंबर गायब दिसले तर लोक विचारतील.' मग मी शहाणपणा केला. ऑटो इन्क्रिमेंट काढून टाकला आणि स्वतःचा हिशोब लिहिला. टेबलमधला सगळ्यात मोठा नंबर शोधायचा, त्यात एक मिळवायचा आणि नवी ओळ भरायची. पहिल्या मिनी प्रोजेक्टमध्ये तुम्हीही हेच केलं असेल, लाजू नका.

हा कोड मी कितीदा तरी तपासला. एकदाही चुकला नाही. चुकणार कसा? तपासणारा मी एकटाच होतो.

फॉर्म भरायची मुदत रात्री बारापर्यंत होती. मुदत बाराची असली की पावणेबारानंतरच फॉर्म भरायचा, हा आपला अलिखित नियम. ११ वाजून ५८ मिनिटांनी दोघांनी जवळजवळ एकाच क्षणी 'सबमिट' दाबलं. पहिल्यासाठी कोडने टेबल बघितलं, सगळ्यात मोठा नंबर १४७. त्याची ओळ भरली जाण्याआधीच दुसरीसाठीही बघितलं, तोच १४७. दोन्हीकडे एक मिळवला. दोघांनाही १४८. बेरीज दोन्ही वेळा बरोबर होती. चूक होती ती बघणं आणि लिहिणं यांच्या मधल्या काही मिलिसेकंदांत. तेवढ्यात दुसरा कुणीतरी आत शिरला. याला म्हणतात रेस कंडिशन.

'मग हे सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळायचं ना!' असं माझ्या रूममेटने लगेच सुनावलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण साधी सिलेक्ट क्वेरी बहुतेक डेटाबेसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या कुणाला अडवत नाही. दोन ट्रान्झॅक्शन शेजारी शेजारी चालू असतील तर दोघांनाही एकमेकांची अजून कमिट न झालेली ओळ दिसत नाही, आणि दोघंही निर्धास्तपणे १४७ च वाचतात.

पावतीपुस्तक आठवा

गणपतीची वर्गणी मागत फिरला असाल तर बरोबर पद्धत तुम्हाला आधीपासून माहीत आहे. मंडळाचा खजिनदार पावतीपुस्तकं छापून घेतो. पहिल्या पुस्तकात १ ते १००, दुसऱ्यात १०१ ते २००. एक टोळी या गल्लीत, दुसरी त्या गल्लीत. कुणीही दुसऱ्याला फोन करून 'तुझी शेवटची पावती कितवी?' असं विचारत नाही. नंबर आधीच छापलेला असतो. पावती फाडली की तो वापरला गेला, पुन्हा कुणाला मिळणं शक्य नाही.

डेटाबेसमधली सोय हीच आहे. टेबलमध्ये किती ओळी आहेत हे न मोजता तो एक वेगळा काउंटर सांभाळतो. मागेल त्याला पुढचा नंबर देतो. नंबर देणं आणि काउंटर पुढे सरकवणं ही कामं एका दमात होतात, मधे कुणाला शिरता येत नाही. मायएसक्यूएलमध्ये याला ऑटो इन्क्रिमेंट म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये आयडेंटिटी, ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्स. २००३ च्या एसक्यूएल स्टँडर्डमध्ये सीक्वेन्स आणि आयडेंटिटी दोन्ही आले. नावं वेगळी, खजिनदार तोच.

थोडक्यात, नंबर आपण टेबलात डोकावून ठरवायचा नसतो, खजिनदाराकडे मागायचा असतो.

इथे आणखी एक खड्डा आहे. ओळ भरल्यावर 'मला कुठला नंबर मिळाला?' हे कळायला काही जण पुन्हा सगळ्यात मोठा नंबर शोधतात. म्हणजे पुढच्या दाराने हाकललेली चूक मागच्या दाराने घरात. तेवढ्यात दुसऱ्या कुणाची ओळ आली असेल तर तुम्ही तिचा नंबर आपला समजाल. मायएसक्यूएलमधलं 'लास्ट इन्सर्ट आयडी' हे फंक्शन फक्त तुमच्या कनेक्शनपुरतं उत्तर देतं, दुसऱ्यांच्या गर्दीचा त्यावर परिणाम होत नाही. पोस्टग्रेसमध्ये इन्सर्टच्याच शेवटी 'रिटर्निंग' लिहिलं की नंबर हातात येतो.

आणि सगळ्यात स्वस्त विमा म्हणजे त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट. तो असता तर माझा कोड चुकीचाच राहिला असता, पण दुसरी १४८ ची ओळ डेटाबेसने घेतलीच नसती. त्या मुलीला एरर दिसली असती, तिने पुन्हा सबमिट दाबलं असतं आणि तिला १४९ मिळाला असता. एका शब्दाचं काम होतं.

फाडलेली पावती चिकटत नाही

आता आमच्या कमिटीच्या प्रश्नाकडे येऊ. मधले नंबर जातात कुठे?

समजा, तुम्ही पावती फाडली, नाव लिहिलं आणि काका म्हणाले, 'उद्या या.' ती पावती रद्द. पुढच्या घरी पुढचा नंबर. डेटाबेसमध्येही असंच होतं. नंबर मागितला, मिळाला, आणि नंतर ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं. ओळ गेली, पण नंबर परत येत नाही. हा आळस नाही, मुद्दाम ठरवलेलं आहे. नंबर परत घ्यायचा म्हटलं तर तुमचं ट्रान्झॅक्शन टिकतं की मोडतं हे कळेपर्यंत मागच्या सगळ्यांना थांबवून ठेवावं लागेल.

कधी कधी तर आख्खं पुस्तकच हरवतं. ओरॅकल वेगासाठी एका सीक्वेन्सचे २० नंबर आधीच मेमरीत काढून ठेवतो. सर्व्हर मधेच बंद पडला तर त्यातले न वापरलेले नंबर गेले. एसक्यूएल सर्व्हर अचानक बंद होऊन सुरू झाला की इंट प्रकारच्या आयडेंटिटी कॉलममध्ये एकदम हजारच्या आसपास उडी दिसू शकते. काल ५२ वर असलेला नंबर आज थेट हजाराच्या पुढे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी डेटा उडवला.

म्हणून लक्षात घ्या, हे नंबर एकमेव असतात, साधारणपणे चढत्या क्रमाने असतात, पण ते सलग असतील असं वचन कुणीच दिलेलं नसतं. शेवटचा नंबर ५०० म्हणजे ५०० ओळी, असं समजणारा रिपोर्ट कधीतरी तोंडावर पाडतो.

सलग नंबर खरोखरच हवे असतात अशी ठिकाणं मात्र आहेत. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाला सलग अनुक्रमांक लागतो, तो १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. तिथे नुसता ऑटो इन्क्रिमेंट पुरत नाही. मग एका छोट्या टेबलात एकच ओळ ठेवतात, 'शेवटचा बिल नंबर'. बिल भरणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्येच ती ओळ एकने वाढवायची. तुमचं काम संपेपर्यंत ती ओळ लॉक राहते, बाकीचे थांबतात. तुमचं बिल फसलं तर ती वाढही मागे जाते, त्यामुळे खंड पडत नाही. किंमत अर्थातच वेगाची. आख्ख्या मंडळाला एकच पावतीपुस्तक, आणि ते हातात आल्याशिवाय कुणी पुढच्या दारात जायचं नाही. वक्तृत्व स्पर्धेच्या नंबरांना याची काहीच गरज नव्हती. आम्ही खंडाला घाबरलो आणि डुप्लिकेट ओढवून घेतला.

मोठ्यांच्याही चुका

हा घोळ फक्त आपल्यासारख्या शिकाऊंचा, असंही नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनमध्ये ऑटो इन्क्रिमेंटचा काउंटर बरीच वर्षं फक्त मेमरीत राहायचा. सर्व्हर रीस्टार्ट झाला की तो काय करायचा? टेबलमधला सगळ्यात मोठा नंबर बघायचा आणि एक मिळवायचा. माझाच कोड! त्यामुळे शेवटच्या ओळी डिलीट करून सर्व्हर रीस्टार्ट केला तर जुनेच नंबर नव्या लोकांना मिळायचे. ही तक्रार २००३ मध्ये नोंदली गेली, तिचा क्रमांक १९९. ती दुरुस्त झाली ८.० या आवृत्तीत, जी २०१८ मध्ये आली. पंधरा वर्षं.

नंबर संपतातसुद्धा. नेहमीच्या ३२ बिटच्या इंट कॉलममध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. एवढ्या ओळी कोण भरणार, असं वाटतं ना? नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सेवेचं एक टेबल नेमकं या आकड्याला जाऊन टेकलं. पुढची ओळ भरायला नंबरच शिल्लक नाही. जवळजवळ पाच तास लोकांना आपलं काम फक्त वाचता येत होतं, नवीन काही लिहिता येत नव्हतं. तोच कॉलम बिगइंट, म्हणजे ६४ बिटचा असता, तर सेकंदाला दहा लाख ओळी भरूनही तो संपायला सुमारे २ लाख ९२ हजार वर्षं लागली असती.

नंबर चुगली करतो

क्रमाने येणाऱ्या नंबरची एक सवय वाईट. तो बोलतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतोय, हे दोस्त राष्ट्रांना हवं होतं. हेरांच्या माहितीवरून ऑगस्ट १९४२ साठी आकडा निघाला १,५५०. संख्याशास्त्रज्ञांनी दुसरा रस्ता धरला. हाती लागलेल्या रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे अनुक्रमांक घेतले आणि त्यावरून अंदाज काढला ३२७. युद्धानंतर जर्मन कागदपत्रं मिळाली, खरा आकडा होता ३४२.

युक्ती सोपी आहे. पाहिलेल्या नंबरांपैकी सगळ्यात मोठा घ्या, त्याला तुम्ही किती नंबर पाहिले त्या संख्येने भागा, भागाकार त्या मोठ्या नंबरात मिळवा आणि एक वजा करा. समजा, फेस्टच्या फूड स्टॉलवर एकपासून सुरू होणारी बिलं आहेत. सहज कुठलीही चार पाहिली, त्यात सगळ्यात मोठा नंबर ६०. साठ अधिक पंधरा वजा एक, म्हणजे साधारण ७४ बिलं फाटलीत. शेजारच्या स्टॉलचा धंदा काढायला गल्ल्यात डोकावायची गरज नाही.

हाच नंबर वेबसाइटच्या लिंकमध्ये उघडा ठेवला तर प्रकरण गंभीर होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्ता-विमा कंपनीच्या साइटवर लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याची कागदपत्रं उघडत होती. सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं अशी उघड्यावर होती. दोष एकट्या क्रमाचा नव्हता, मागणाऱ्याला ते बघायचा हक्क आहे का हे तपासलंच जात नव्हतं. पण पुढचा नंबर ओळखणं इतकं सोपं असलं की कुलूप विसरणं फार महाग पडतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या खिशात आहे. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पण पहिल्या आधारचा नंबर काही १ नव्हता. आधारचे बारा आकडे मुद्दाम क्रमाशिवाय निवडले जातात. त्यावरून तुमचा जिल्हा, वय, तुम्ही कितवे, काहीच कळत नाही. शेवटचा आकडा तर फक्त टायपिंगची चूक पकडण्यासाठी असतो. शेजारच्याच्या आधार नंबरात एक मिळवून तुमचा नंबर निघत नाही, ही सोय नशिबाने झालेली नाही.

खजिनदार अनेक असतील तर?

शेकडो सर्व्हर एकाच वेळी ओळी भरत असतील तर एकाच काउंटरपुढे रांग लावणं परवडत नाही. ट्विटरने २०१० मध्ये यावर 'स्नोफ्लेक' नावाचा उपाय काढला. ६४ बिटच्या नंबरात ४१ बिट वेळेचे, १० बिट मशीनचे आणि १२ बिट त्या मशीनच्या स्वतःच्या क्रमाचे. एक मशीन एका मिलिसेकंदात ४,०९६ नंबर देऊ शकतं, तेही दुसऱ्या मशीनला काही न विचारता. पुन्हा पावतीपुस्तकच, फक्त प्रत्येक पावतीवर तारीख-वेळ आणि टोळीचा नंबरही छापलेला.

दुसरा मार्ग यूयूआयडीचा. १२८ बिटचा हा नंबर कुणीही, कुठेही तयार करावा. त्याच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट निव्वळ रँडम असतात, त्यामुळे दोन सारखे निघण्याची शक्यता व्यवहारात धरायचीच नसते. फक्त रँडम नंबर इंडेक्समध्ये कुठेही मधेच घुसतात आणि मोठं टेबल हळू होतं. म्हणून २०२४ च्या स्टँडर्डमध्ये आलेल्या सातव्या प्रकारात सुरुवातीला वेळ ठेवली आहे. नवा नंबर बहुतेक वेळा शेवटीच जाऊन बसतो.

चौकट : व्हायवाला विचारलं तर

- सगळ्यात मोठा नंबर अधिक एक हे का चुकतं? वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे दुसरा येऊ शकतो म्हणून.
- ऑटो इन्क्रिमेंटचे नंबर सलग असतात का? नाही. एकमेव असतात, खंड पडू शकतो.
- रोलबॅक झाल्यावर सीक्वेन्स मागे येतो का? नाही.
- नंबर डेटाबेसच देत असेल तर युनिक किंवा प्रायमरी की कशाला? कारण कुणीतरी हाताने नंबर भरतोच. तेव्हा अडवणारं कुलूप तेच.

यंदाही रजिस्ट्रेशनचं काम माझ्याकडेच आलंय. या वेळी नंबर डेटाबेस देतो, कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट आहे, आणि फॉर्म सुरू करण्याआधी एका छोट्या स्क्रिप्टने दोनशे जणांना एकाच क्षणी सबमिट दाबायला लावलं. एकही नंबर दोनदा आला नाही. काही मात्र गायब झाले.

परवा कमिटीतल्या एकाने यादी बघून विचारलंच, "अरे, ११३ कुठेय?"

"पावती फाडली होती, वापरली नाही," मी म्हटलं.

"विचित्र दिसतं रे."

दिसू दे. एक नंबर कुणालाच मिळाला नाही तर कुणाचं काही जात नाही. एकच नंबर दोघांना मिळाला की काय होतं, ते मी सर्टिफिकेटच्या टेबलावर बसून पाहिलंय.